मारव्यातला मंगळ

राळेचा वास आला, की त्याच्या पाठोपाठ मला पुस्तकांचा वास येतो. इतरांना त्या वासाने देवळातली धुनी आठवत असेल. मला आठवते ती संगमनेरातली माडीवरची एक खोली, खिडकीशेजारी भिंतीला ठोकलेली सागवानी फळी आणि त्या फळीवर दाटीने उभी असलेली मथुबाईंची पुस्तके. पुस्तकांच्या रांगेत मध्येच बोटभर जागा सोडलेली होती आणि तिथे राळेची पितळी डबी असे. दिलरुब्याच्या तारांवर फिरणाऱ्या गजाला लावायची ती राळ, जराशी कडू, जराशी गोड. तिचा वास फळीवरच्या प्रत्येक पानात मुरला होता. मथुबाईंकडून आणलेले पुस्तक उघडले, की आधी तो वास यायचा आणि मग अक्षरे दिसायची.

लढाईची वर्षे होती. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि मथुबाईंच्या शेजारची खोली मला मिळाली होती. मथुबाई भूगोल आणि गणित शिकवीत. उंच, सावळ्या, चाल वेगवान. नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि उजव्या अंगठ्यावर खडूची कायमची पांढरी छटा. वय पस्तिशीच्या पुढे होते. लग्न झालेले नव्हते, आणि त्याचे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते. मथुबाईंच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ होता. पुणतांब्याला त्यांचे वडील अण्णाशास्त्री नावाजलेले जोशी. त्यांनी स्वतःच्या हाताने मांडलेली ती पत्रिका. तिला खोटे कोण म्हणणार? मुलीच्या जन्मवेळेत चार पळे इकडची तिकडे करण्याचा सल्ला त्यांना आप्तांनी दिला होता म्हणतात. अण्णांनी त्या आप्तांना ओसरीवरून उठवले होते.

हे सारे मला पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या इतर बायकांनी हलक्या आवाजात सांगितले. मथुबाईंच्या खोलीत पाऊल टाकले तेव्हा मी दबकतच टाकले. एखाद्या दुःखी बाईच्या खोलीत जावे तसे. पण तिथे दुःखाचा मागमूस नव्हता. त्यांनी मला पाट दिला, चहाचे आधण ठेवले आणि विचारले, "तुम्ही कविता करता म्हणे?"

मी मान डोलावली.

"चंद्रावर केलीय?"

"हो, दोन-तीन."

"कशासारखा आहे तुमचा चंद्र?"

मी आठवून सांगितले, की एकीत तो चांदीच्या वाटीसारखा आहे आणि दुसरीत लाजऱ्या नवरीच्या मुखासारखा.

"तरीच," त्या म्हणाल्या. "चंद्र ताटासारखा, वाटीसारखा, मुखासारखा. अहो, कुणी चंद्रासारखा चंद्र लिहा की एकदा." आणि त्यांनी फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवले. चंद्रावरच्या खड्ड्यांची चित्रे होती त्यात. "हे वाचा. मग वाटी आठवते का बघा."

मला वाटी पुन्हा आठवली नाही. त्या दिवसापासून त्या मला 'कवयित्री' म्हणू लागल्या, आणि चार दिवसांत 'तुम्ही'चे 'तू' झाले.

फळीवरची पुस्तके त्यांनी विषयाप्रमाणे लावली नव्हती, की आकाराप्रमाणेही नाही. ती सूर्यापासूनच्या अंतराप्रमाणे लावलेली होती. खिडकीकडच्या टोकाला सूर्यावरची, मग बुध, मग शुक्र. त्यापुढे राळेची डबी. डबीनंतर मंगळ, आणि मंगळावर त्यांच्याकडे इतर सर्वांपेक्षा अधिक पुस्तके होती. त्यात एक मराठी कादंबरीही होती. मुखपृष्ठ हरवलेली, कर्त्याचे नाव फाटून गेलेली. कोकणातला एक शाळामास्तर, त्याचा धाकटा भाऊ आणि एक आचारी असे तिघेजण विमानातून मंगळावर जातात, अशी तिची कथा. मथुबाईंना ती जवळजवळ पाठ होती. मंगळानंतर गुरू, शनी आणि भिंतीला चिकटून प्रजापती नि वरुण. वरुणावर पुस्तक नव्हते. कुठल्याशा मासिकातून कापलेले एकच पान होते. "दूर आहे तो," त्या म्हणत, "त्याचं टपाल उशिरा येतं."

डबीच्या जागेबद्दल मी एकदा विचारले. शुक्र आणि मंगळ यांच्यामध्ये राळ कशाला?

"ठेवायला दुसरी जागा नाही," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

संध्याकाळी, स्वयंपाकाआधी, त्या दिलरुबा घेऊन बसत. खाली मोमीन मंडळींच्या घरांतून हातमागांची खटखट चालू असे. ती थांबली, की दिवेलागण झाली असे समजायचे आणि मथुबाईंचा गज तारेवर टेकायचा. प्रत्येक ग्रहासाठी त्यांनी एकेक गत बांधली होती. नाव सांगायचे नाही, हा त्यांचा रिवाज. गत संपली, की मान वर न करता विचारायचे, "कोण?" आपण ओळखायचे. ओळखणे अवघड नव्हते, कारण लय त्यांनी ग्रहांच्या चालीवरून घेतली होती. बुधाची गत द्रुत, तळव्याला चटका बसावा तशी पळणारी. शुक्राची जराशी ठुमकत. गुरूची भारदस्त, आणि शनीची इतकी विलंबित, की एका सुरावरून दुसऱ्या सुरावर गज पोहोचेपर्यंत चुलीवरचे पाणी उकळायचे.

खालच्या घरातल्या सकीनाबीच्या दोन म्हशी होत्या आणि तिला या शनीचा राग होता. सकाळी दूध घालायला आली, की ती दारातूनच म्हणे, "मास्तरीणबाई, काल पुन्हा ते रडकं लावलंत व्हय? म्हशीनं पान्हा चोरला बगा."

"रडकं नाही गं, सावकाश आहे ते."

"सावकास कसलं. मला वाटलं तुमी झोपी गेल्या वाजवता वाजवता. ते दुसरं वाजवत जावा, पळतं ते. त्यानं दूध लई येतं."

तेव्हापासून बुधाला आम्ही आपापसांत 'दुधाची गत' म्हणत असू.

मंगळाची गत मात्र निराळी होती. ती मारव्यात होती. मारवा हा सूर्यास्ताचा राग, आणि त्यात षड्जावर, म्हणजे गाण्याच्या घरच्या सुरावर, लवकर टेकायचे नसते. त्याच्याभोवती घुटमळत राहायचे असते. मथुबाईंचा मंगळ टेकतच नसे. रिषभावरून धैवतावर, धैवतावरून पुन्हा रिषभावर तो फिरत राही, ऐकणाऱ्याचा श्वास अडकवून ठेवी आणि एका जागी येऊन गज उचलला जाई. पुढे काही नाही. "कोण?" हेदेखील त्या गतीनंतर त्या विचारीत नसत.

एकदाच मी म्हटले, "हिला शेवट नाही का?"

"आहे. वाजवलेला नाही."

शाळेत भूगोल शिकवताना त्या मुलींना पटांगणात उभे करीत. मध्ये सूर्य म्हणून पाण्याचा रांजण, त्याच्याभोवती चुन्याने आखलेली वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळावर एकेक मुलगी, टाळ्यांच्या लयीत चालणारी. बुध व्हायला मुली भांडत. एके दिवशी मी वऱ्हांड्यातून पाहत होते. शनी व्हायला कुणी तयार नव्हते, पण एका आळशी मुलीने ते काम आनंदाने पत्करले. मंगळाचे वर्तुळ तेवढे रिकामे राहिले. एका चुणचुणीत मुलीकडे मथुबाईंनी बोट केले, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "नको बाई, मी मंगळ झाले असं कळलं तर आई मारंल."

मोठ्या मुलींना सारे ठाऊक होते.

मथुबाईंनी पदर पुन्हा एकदा खोचला. "बरं. मंगळ मी होते. मला सवय आहे." आणि त्या त्या वर्तुळावर जाऊन, टाळी देत, मुलींच्या मधून चालू लागल्या. त्यांच्या चालण्यात कुठे लंगडेपणा नव्हता की तोरा नव्हता. दुसऱ्या फेरीला ती चुणचुणीत मुलगी धावत आली आणि त्यांच्या मागोमाग त्याच वर्तुळावरून चालू लागली.

त्याच वर्षी अण्णाशास्त्री पुणतांब्याहून लेकीकडे राहायला आले. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. गोदावरीकाठचा तो गोरा, सडपातळ म्हातारा खिडकीखाली घोंगडीवर बसून असे आणि आकाशात या घटकेला कोणता ग्रह कुठे आहे ते न पाहता सांगे. बोटांची पेरे हा त्यांचा पाटी-खडू. अंगठा पेरांवरून सरकू लागला, की हिशेब चालला आहे असे समजायचे. प्रजापती आणि वरुण यांना ते मानीत नसत. "ते साहेबाचे ग्रह. आपल्या नऊंत त्यांचं काम नाही."

लढाईमुळे तेव्हा सरकारने घड्याळे तासभर पुढे केली होती. शाळा नव्या वेळेने भरे; बाजार, म्हशी आणि अण्णा जुन्या वेळेने चालत. मी "आठ वाजले" म्हटले, की ते विचारीत, "कुणाचे? सूर्याचे की सरकारचे?"

बाप-लेकीत प्रेम होते, पण त्या प्रेमात एक बंद दार होते आणि दोघेही त्यावरून पाय न वाजवता जात. लग्नाचा विषय निघत नसे. अण्णा आल्यापासून मंगळाची गतही वाजत नव्हती. मंगळाची कादंबरी मात्र अण्णांनीच मागून घेतली. दृष्टी गेल्यावर त्यांना वाचून ऐकायला काहीतरी हवे होते. पोथ्या पाठच होत्या. दिवेलागणीला मथुबाई वाचीत, मी कंदिलाची काच पुसून जवळ बसे आणि अण्णा त्या कादंबरीशी भांडत.

"निघाले तो वार कोणता?"

"लिहिलेला नाही, अण्णा."

"म्हणजे मुहूर्त न बघताच निघाले. आणि तेही मंगळावर. त्या मास्तराला तरी अक्कल हवी होती."

आचारी बरोबर नेला, हे मात्र त्यांना फार पसंत होते.

पुढे एका ठिकाणी ते तिघे मंगळावरच्या टेकडीवर उभे राहून आपली पृथ्वी पाहतात, असा प्रसंग आहे. एक निळसर ठिपका, चांदणीएवढा. मथुबाईंचा आवाज ते वाचताना नेहमी मऊ होई. अण्णा म्हणाले, "मथू, तिथं कुणी राहत असतील, तर त्यांच्या पत्रिकेत पृथ्वी मांडावी लागेल."

"लागेल खरी."

"आठव्या घरातली पृथ्वी." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखे झाले आणि मावळले. "आपल्यापायी तिथं किती जणींची लग्नं मोडली असतील, कुणास ठाऊक."

त्या बंद दारावर पडलेली ती पहिली थाप होती. मथुबाईंनी पान उलटले आणि पुढे वाचू लागल्या.

"थांब," अण्णा म्हणाले. "तू दोन पानं एकदम उलटलीस."

"नाही, अण्णा."

"मघाशी ते टेकडीवर होते, आता जेवायला बसले. आणि पानाचा आवाज जाड आला. मधलं काय झालं?"

"ते पान फाटलंय."

"फाटलेलं पान असं वाजत नाही, मथू. वाच."

मी पूर्वीही पाहिले होते, की त्या जागी मथुबाई नेहमी दोन पाने धरून उलटतात. कारण मला माहीत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कंदिलाची वात जरा वर केली आणि ते पान वाचले. त्यात विशेष काही नव्हते. धाकटा भाऊ घरून आणलेले घड्याळ बघतो. त्यात बारा वाजलेले असतात आणि समोर तर सूर्य नुकता उगवत असतो. घड्याळ बिघडले म्हणून तो ते फेकून देऊ लागतो. तेव्हा मास्तर त्याचा हात धरतो आणि म्हणतो, की घड्याळ खोटे बोलत नाही, ते फक्त दुसऱ्या गावची वेळ सांगते आहे.

मथुबाई थांबल्या. खाली मागही थांबले होते.

अण्णांचा अंगठा पेरांवर सरकू लागला. एकदा सारी पेरे झाली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"तू झालीस त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं," ते स्वतःशीच बोलावे तसे बोलू लागले. "सावली नव्हती. घटिकापात्र सुइणीच्या धांदलीत कलंडलं. मी स्टेशनावर माणूस पाठवला. स्टेशनमास्तरांनी मिनिटासकट वेळ लिहून दिली. मला केवढा अभिमान त्या मिनिटाचा. सगळ्या पंचक्रोशीत इतकी नेमकी पत्रिका दुसरी नव्हती." अंगठा थांबला. "ती रेल्वेची वेळ होती. नुकतीच सगळ्या देशाला एक केलेली. पुणतांब्याचा सूर्य तिच्या अर्धा तास मागं. तो अर्धा तास मी वजा केला नाही."

अण्णांनी बोटे मिटून घेतली.

"पुढं इतरांच्या पत्रिकांत करत गेलो. तुझी उघडून पुन्हा पाहिली नाही. पत्रिकेतलं लग्न बदलतं, मथू. एक रास मागं येतं. मंगळ आठव्यात नाही. नवव्यात आहे. भाग्यस्थानी."

माझ्या हातातले फडके तसेच राहिले होते. मी उठून जायला हवे होते, पण उठण्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत मोठा झाला असता.

"तुला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"कधीपासून?"

"ट्रेनिंगला पुण्यात होते तेव्हा. रेखांशाचा धडा होता. फळ्यावरच उदाहरण सोडवताना कळलं."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस. मी मांडलेलं कधी चुकत नाही असं गाव म्हणायचं, म्हणून?"

"आधी राग आला म्हणून. एक सबंध पावसाळा मी घरी पत्र लिहिलं नव्हतं, आठवतं? मग वाटलं, ज्याच्यापायी हे झालं तो आहे तरी कोण, ते बघू. म्हणून वाचायला लागले. पहिलं पुस्तक भांडायला म्हणून आणलं, दुसरं आवडलं म्हणून." त्यांनी फळीकडे पाहिले. "त्यानं माझं काही केलेलं नव्हतं, अण्णा. तो आपला आपल्या वाटेनं फिरत होता. तुम्हीही खोटं केलं नाहीत. आणि स्टेशनातलं घड्याळसुद्धा बरोबरच होतं."

"मग चुकलं काय?"

"अर्धा तास."

म्हाताऱ्याने तोंड फिरवले. अंध डोळ्यांतून पाणी येते तेव्हा ते लपवायचे कसे, हे माणसाला शिकायला वेळ मिळालेला नसतो.

"तुझं घर झालं असतं," ते म्हणाले.

"कदाचित. चांगलंही झालं असतं. पण मग ही फळी नसती, ह्या गती नसत्या. ती बाई कशी असती, मला सांगता येत नाही. ही मला ठाऊक आहे, आणि हिच्याबद्दल माझी तक्रार नाही." आवाज नेहमीचाच होता, वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत नीट पोहोचणारा. "तुमची असेल तर सांगा."

अण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू त्याच्यावर काही बांधलं आहेस. सकीनाबी सांगत होती, एक आहे ते तुम्ही आल्यापासून वाजत न्हाई. वाजव."

मथुबाईंनी डबी काढली. गजाला राळ लावल्याचा खरखर आवाज झाला आणि तो वास खोलीभर पसरला. मग मारवा सुरू झाला. अण्णांनी मांडीवर बोटाने लय धरली. सूर षड्जाच्या भोवती फिरत राहिले, जवळ येऊन दूर गेले, आणि नेहमीच्या जागी येऊन गज अडला.

"अपुरं आहे," अण्णा म्हणाले.

"हो."

"का?"

"पुढचं तुमच्या पाठीमागं वाजवायचं नव्हतं."

"आता समोर आहे मी."

गज उचलला गेला नाही. धैवतावरून तो सावकाश निषादावर आला, तिथे थरथरला, आणि मग, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच ऐकले, षड्जावर टेकला. टेकून राहिला. एखाद्याने फार दिवसांनी घरी येऊन उंबऱ्यावरच बसावे, तसा. अण्णांचे बोट मांडीवर थांबले. "कोण?" असे मथुबाईंनी विचारले नाही, अण्णांनीच सांगितले, "नवव्यातला."

सकाळी सकीनाबीने दूध ओतता ओतता विचारले, "काल काय वाजवलंत, मास्तरीणबाई?"

"का? पान्हा चोरला?"

"न्हाई. म्हस गप हुबी ऱ्हायली. मीबी."

त्यानंतर अण्णांनी लेकीची पत्रिका नव्याने मांडली. कागदावर नव्हे, पेरांवर, तोंडी. मी विचारले, आता कशासाठी? तर म्हणाले, "बरोबर असावी म्हणून." पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. गेले तेव्हा मथुबाई त्यांना तीच कादंबरी वाचून दाखवत होत्या, आणि आता त्या एकही पान सोडत नसत.

माझे लग्न ठरले आणि मी संगमनेर सोडले. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार सकाळी सुटायची. ड्रायव्हर भट्टीला भाता मारीत होता, धुराने डोळे चुरचुरत होते आणि पूर्वेला शुक्र अजून विझलेला नव्हता. मथुबाई मला पोहोचवायला आल्या होत्या. पदर तसाच खोचलेला, अंगठ्यावर तसाच खडू. त्यांनी माझ्या हातात राळेचा एक खडा ठेवला, केळीच्या सुकल्या पानात बांधलेला.

"मी वाजवत नाही, बाई."

"हुंगत जा. कवितांना वास लागू दे कशाचा तरी."

मोटार घरघरू लागली. मी खिडकीशी बसले. त्या जवळ आल्या आणि त्या घरघरीच्या खालून त्यांनी गळ्यातून एक सूर धरला. गत नव्हती ती, वळण नव्हते. एकच सूर, लांब, भरलेला, न हलणारा. षड्ज. ज्याच्यावरून बाकीचे सगळे सूर मोजायचे, तो. मी बुधापासून वरुणापर्यंत सारे मनात घोळवून पाहिले. यांतला तो कोणीच नव्हता. मोटार हलली. मूठ मिटलेली होती आणि तिच्यातून तो फळीवरच्या बोटभर जागेचा वास येत होता.

आजवर नेहमी त्यांनीच मला विचारले होते; त्या दिवशी मी खिडकीतून वाकून त्यांना विचारले, "कोण?"

त्यांनी सूर सोडला, हसल्या आणि म्हणाल्या,

"पृथ्वी."